येडी बाभूळ : प्रतीक आणि वास्तव

१

अलीकडे नव्या दलित कवींच्या ज्या कविता माझ्याकडे वाचायला येतात, त्यांत एक झाड वारंवार भेटू लागले आहे. ते झाड म्हणजे येडी बाभूळ. प्राजक्त, बकुळ आणि चाफा यांच्या कौतुकात रमलेल्या मध्यमवर्गीय कवितेकडे आपल्या कवींनी पाठ फिरविली, हे योग्यच झाले. ती फुले ज्या अंगणांत पडत होती ती अंगणे आपली नव्हती. आपल्या आयाबाया त्या अंगणांच्या बाहेर उभ्या राहून भाकर मागत होत्या. तेव्हा गावकुसाबाहेरचे, काटेरी, कुणीही न पुजलेले झाड नव्या कवीने आपल्या कवितेत आणावे, हे स्वाभाविक आहे.

या कवितांचा आशय थोड्याफार फरकाने सारखाच असतो. मला कुणी लावले नाही, मला कुणी पाणी घातले नाही, मी उकिरड्यावर उगवलो, तुम्ही मला कितीदा तोडले तरी मी पुन्हा फुटलो, माझा काटा हेच माझे शस्त्र, आणि एक दिवस तुमच्या शेतात, तुमच्या वाड्याच्या भिंतीत मी शिरणार आहे. या ओळींमागची चीड खरी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु चीड खरी असली म्हणजे प्रतिमा खरी ठरते असे नव्हे.

दुसरीकडे वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून याच झाडाविषयी वेगळ्याच तऱ्हेचे लेखन चालू असते. तेथे येडी बाभूळ ‘परकी’ असते, ‘घुसखोर’ असते, ‘आक्रमक’ असते. तिने आपल्या ‘देशी’ वनस्पतींचे कुळ बुडविले, तिला मुळासकट उपटून आपली भूमी शुद्ध केली पाहिजे, असे पांढरपेशा निसर्गप्रेमी लेखक आवेशाने लिहीत असतो. ही भाषा आपल्या कानांना ओळखीची वाटावी अशीच आहे. शुद्धी, कुळ, परके रक्त हे शब्द झाडांविषयी वापरले जाण्यापूर्वी माणसांविषयी वापरून झालेले आहेत.

एकाने या झाडाला नायक केले आहे, दुसऱ्याने खलनायक. माझे म्हणणे असे की ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत, आणि त्यांच्या अपुरेपणाचे कारण एकच आहे. झाड ज्या जमिनीवर उभे आहे ती जमीनच दोन्हीकडे गायब आहे. ती जमीन कुणाची, ती कुणाला नाकारली गेली, तिच्यावर हे झाड कुणी आणले, आणि त्याचा काटा नेमका कुणाच्या पायात मोडला, हे प्रश्न कवीही विचारीत नाही आणि निसर्गलेखकही विचारीत नाही. ते विचारावेत एवढ्यासाठी हा लेख.

२

‘मला कुणी लावले नाही’ या पहिल्याच ओळीपासून सुरुवात करू. ही ओळ वस्तुस्थितीला धरून नाही. येडी बाभूळ हे आपल्याकडे आपोआप आलेले झाड नाही. ते मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग येथले. १८७७ साली जमैका बेटावरून त्याचे बी मागवून आजच्या आंध्र प्रदेशातील कडप्पा भागात पेरण्यात आले. उजाड टेकड्या हिरव्या दिसाव्यात आणि जळाऊ लाकूड मिळावे, हा इंग्रज सरकारच्या वनखात्याचा हेतू होता. पुढे जोधपूरच्या संस्थानिकाने ते आपल्या वाळवंटी मुलखात आणविले आणि १९४० मध्ये त्याला शाही झाडाचा मान दिला. राजाने मान दिलेल्या झाडाला आपण बहिष्कृताचे प्रतीक मानावे, यातला विरोध लक्षात घेण्यासारखा आहे.

स्वातंत्र्यानंतरही हाच क्रम चालू राहिला. कच्छमधील बन्नी हे सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे गवताळ रान. तेथे पिढ्यान्‌पिढ्या मालधारी पशुपालक गाई-म्हशी चारीत आले. रणाची खारट जमीन पुढे सरकू नये म्हणून १९६१ च्या सुमारास वनखात्याने तेथे तीस हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर हे झाड लावले. आज तेथील गवताचा मोठा भाग या झाडाखाली गेला आहे. मालधारी त्याला ‘गांडो बावळ’ म्हणतात. गांडो म्हणजे वेडा. मराठवाड्यातल्या शेतमजुराने आणि कच्छच्या पशुपालकाने, एकमेकांना न विचारता, एकाच झाडाला एकच नाव ठेवावे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिच्याकडे मी पुढे वळणार आहे.

आपल्याकडे सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या कमी पावसाच्या पट्ट्यात हे झाड ओढ्यांच्या काठांनी, तलावांच्या पोटात, रेल्वेरुळांच्या कडेने आणि मुख्यतः गायरानांवर पसरले. ते कसे पसरते, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण प्रतीकाचा निवाडा शेवटी या तपशिलावरच होणार आहे. या बाभळीच्या शेंगा गोड असतात आणि त्या ऐन उन्हाळ्यात, माळावर दुसरे काही उरलेले नसताना, खाली पडतात. शेळ्या, मेंढ्या, गुरे त्या आवडीने खातात. बी कठीण कवचाचे असल्याने पोटात पचत नाही. उलट पोटातील रसांनी कवच मऊ होऊन ते उगवायला तयारच होऊन बाहेर पडते. पहिला पाऊस झाला की वाळल्या शेणातून आणि लेंड्यांतून रोपे वर येतात. त्यांचा पाला मात्र जनावराला रुचत नाही. म्हणजे जनावर बी पेरते, पण रोप खाऊन टाकीत नाही. आपल्या देशी बाभळीचे तसे नाही. तिचा पालाही शेळी खाते, शेंगाही खाते.

पहिल्या वर्षी हे रोप बोटाएवढे असते आणि खुरप्याने निघते. पण त्याचे सोटमूळ वरच्या वाढीपेक्षा झपाट्याने खाली जाते. पुढच्या हंगामात त्याला कुदळ लागते. त्यानंतर कुऱ्हाड लागते, आणि कुऱ्हाडीने काम भागत नाही. बुंधा कापला की जमिनीलगतच्या आणि जमिनीखालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात. एका खोडाच्या जागी पाच-दहा खोडे उभी राहतात. खोडाचा जमिनीतला हा भाग खणून काढल्याखेरीज झाड मरत नाही. काही वर्षांत त्याचे असे जाळे होते की त्यातून शेळीसुद्धा वाट काढू शकत नाही आणि त्याच्या सावलीत गवताची काडी उगवत नाही.

‘तोडले तरी पुन्हा फुटतो’ ही कवीची ओळ तर खरीच आहे. पण या फुटण्याने माळावरचे इतर सगळे मरते, हे त्या ओळीत नाही. जे स्वतः खोल मुळांनी सगळ्यांचे पाणी ओढते, आपल्याखाली काही उगवू देत नाही, आणि वरवर छाटले की दुप्पट फोफावते, असे झाड पाहून मला बहिष्कृत माणूस आठवत नाही. मला गावची वतनदारी आठवते.

३

देशी बाभळीशी आपले नाते होते, आणि ते भावनेपेक्षा अधिक पोटाचे होते. तिच्या लाकडाचे नांगर झाले, गाडीची चाके झाली. तिच्या सालीत कातडे कमावले गेले. ढोर समाजाची कित्येक पिढ्यांची हाडे त्या सालीच्या पाण्याच्या हौदांवर झिजली. त्या कातड्याची मोट झाली आणि त्या मोटेने ज्या विहिरीचे पाणी उपसले त्या विहिरीला शिवण्याची कमावणाऱ्याला बंदी होती. या झाडाच्या सालीत जातिव्यवस्थेचा एक आखा अध्याय मुरलेला आहे. पण नव्या कवितेत तो मला अजून सापडलेला नाही. बाभूळ म्हटली की कवी येडीकडेच जातो. काटा दिसला की विद्रोह झाला असे समजण्याची जी सवय आपल्या कवितेला लागली आहे, तिचा हा परिणाम असावा.

येड्या बाभळीशीही आपले नाते आहे, पण ते गुंतागुंतीचे आहे. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्या घरात बहुधा दोन-चार शेळ्या असतात. त्या शेळ्या गायरानावर जगतात. गायरानावरचे गवत गेले की शेळी जाते, आणि शेळी गेली की आजारपणाला, लग्नाला, मुलाच्या परीक्षेच्या फीला विकायला घरात काही उरत नाही. बागायतदाराला गायरान गेल्याचे फारसे सुतक नसते; त्याच्या गोठ्यात ऊसाचे वाढे आणि कडबा असतो. येड्या बाभळीने चराईची जमीन खाल्ली ती आधी भूमिहीनाची खाल्ली.

पण त्याच भूमिहीनाच्या घरातली चूल याच बाभळीवर पेटते, हेही तितकेच खरे. कोरडवाहू मुलखात गरिबांचे सरपण म्हणजे प्रामुख्याने हेच लाकूड. मोळी आणणाऱ्या बाईच्या हातापायांत मोडलेले काटे आणि त्यांतून चिघळलेल्या जखमा या तिच्या रोजच्या जिण्याचा भाग आहेत. याच लाकडाच्या कोळशाच्या भट्ट्या लागतात. त्या भट्ट्यांवर उचल घेऊन रायगड-ठाण्याकडची कातकरी कुटुंबे मुलाबाळांसह हंगामभर राबतात, आणि हिशेबाच्या दिवशी त्यांच्या अंगावर उचलीची बाकी तशीच निघते. झाड तोडणारा हात कातकऱ्याचा, काजळी त्याच्या छातीत, आणि कोळशाचा पैसा ठेकेदाराच्या खिशात! निसर्गप्रेमी लेखात हा माणूस येत नाही. विद्रोही कवितेतही तो येत नाही, कारण कवितेत झाड स्वतःच नायक झालेले असते. मग त्याला तोडणारा साहजिकच शत्रुपक्षात जातो. प्रतीक चुकले की माणसांची बाजूही कशी चुकते, याचे हे उदाहरण आहे.

आपल्यासारखेच भोगणारे इतर देशांतही आहेत. केनियातील बारिंगो भागात १९८० च्या दशकात विकास योजनेतून हेच झाड लावले गेले. तेथील इल्चामुस पशुपालकांची कुरणे त्याने गिळली. गोड शेंगा सतत चघळून शेळ्यांचे दात किडले, पडले. २००६ साली या लोकांनी सरकारविरुद्ध दावा लावला आणि दात गेलेली एक शेळी पुरावा म्हणून न्यायालयात नेली. कुठल्याही अलंकाराखेरीज उभी केलेली ती शेळी मला अनेक कवितांपेक्षा जास्त बोलकी वाटते. त्या लोकांनी झाडाला शिव्या दिल्या नाहीत. झाड कुणी लावले, एवढेच त्यांनी विचारले.

४

आता शब्दांकडे वळू. समीक्षकाचे हत्यार शेवटी शब्दच आहे. गायरानाच्या संदर्भात महाराष्ट्रात एक शब्द दलितांच्या मानेवर गेली कित्येक दशके टांगलेला आहे. तो शब्द म्हणजे अतिक्रमण.

या शब्दाचा इतिहास विसरता येणार नाही. खेड्यातला अस्पृश्य भूमिहीन राहिला तर त्याची गुलामी सुटणार नाही, हे बाबासाहेबांनी अखेरच्या काळात पुन्हा पुन्हा सांगितले. १९५० च्या दशकात मराठवाड्यातील भूमिहीनांनी पडीक आणि गायरान जमिनींसाठी सत्याग्रह केले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून मोठे लढे झाले. लाखो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात हा धागा पुढे एकनाथ आवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविला. त्यांचे ‘जग बदल घालुनी घाव’ हे आत्मकथन या लढ्याची साक्ष म्हणून वाचले पाहिजे. लोकांनी दगड वेचले, बांध घातले, माळाचे शेत केले. ज्वारी येऊ लागली तशी गावाची नजर फिरली. उभ्या पिकात जनावरे सोडली गेली.

१९९१ साली शासनाने निर्णय काढला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. शेवटची तारीख बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाच्या आरंभाची होती. पण तारखेने पोट भरत नाही. पुरावा लागतो. गाव नमुना १-ई या नोंदवहीत अतिक्रमणदार म्हणून नाव असेल तर हक्क मिळणार. म्हणजे आधी गुन्हेगार म्हणून नोंद व्हावी, मग मालक होण्याची आशा धरावी. आणि ती नोंद ज्यांच्या हाती, त्यांच्यावर गावातील बड्या घरांचा वचक. कित्येकांनी वर्षानुवर्षे जमीन कसली, पण कागदावर ती पडच राहिली.

येथे येडी बाभूळ पुन्हा येते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला कर्ज मिळत नाही, विहीर मिळत नाही. पोटासाठी तो दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. एखाददुसरे वर्ष आजारपणात, दुष्काळात नांगर फिरत नाही. तेवढ्या अवधीत कुदळीलाही दाद न देणारी रोपे त्या शेतात मूळ धरतात. मग पंचनामा होतो आणि त्यात लिहिले जाते : जमीन पड, काटेरी झुडपे. माणसाच्या तीस वर्षांच्या घामापेक्षा झाडाची तीन वर्षे कागदावर जड ठरतात. माणूस अतिक्रमणदार ठरतो. ज्या झाडाने खरोखर गायराने व्यापली, त्या झाडाची नोंद कुठल्याही १-ई मध्ये नाही. ते लावणाऱ्या खात्याची तर नाहीच नाही.

जमीन कशाने झाकली आहे यावरून तिचे नाव ठरते आणि नावावरून तिचा मालक ठरतो, हे आपल्याकडे नवे नाही. पूर्व विदर्भातील ‘झुडपी जंगल’ या शब्दाचे उदाहरण घ्या. तेथील झुडपे येड्या बाभळीची नव्हेत, पण शब्दाचे राजकारण तेच आहे. महसुली कागदांवर झुडपे असलेल्या पडीक, चराईच्या जमिनींना हा शब्द लावला गेला. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आणि सर्वोच्च न्यायालयाचा १२ डिसेंबर १९९६ चा आदेश यांमुळे या शब्दातले ‘झुडपी’ मागे पडले आणि ‘जंगल’ उरले. २२ मे २०२५ च्या निकालाने सुमारे शहाऐंशी हजार हेक्टर झुडपी जंगल हे वनच असल्याचे ठरले. १९९६ पूर्वी अधिकृतपणे वाटप झालेल्या जमिनींसाठी मार्ग ठेवला गेला, पण तोही पुन्हा कागद असणाऱ्यांसाठीच.

गायरानांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचा निर्णय दिला. त्या निर्णयातच भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेनुसार दिलेल्या जमिनींचा अपवाद नमूद आहे. निर्णयाचा दाखला देणारे हा भाग बहुधा वाचून दाखवीत नाहीत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्षअखेरपर्यंत गायराने मोकळी करण्यास सांगितले तेव्हा दोन लाखांहून अधिक अतिक्रमणांचा हिशेब मांडला गेला आणि नोटिसांनी वस्त्यावस्त्यांत घबराट पसरली. या हिशेबात धनदांडग्याचे हॉटेल आणि पारध्याची झोपडी एकाच शब्दाखाली मोजली गेली. हा शब्द इतका आंधळा आहे. आणि आपले कवी, नेमक्या याच काळात, माळ व्यापणाऱ्या झाडाला आपले रूप मानून गौरवीत आहेत! व्यापणारे आम्हीच, असे आपणहून लिहून देण्यासारखे हे आहे.

५

राहिला ‘परकी’ हा शब्द. येड्या बाभळीविरुद्ध बोलायचे तर निसर्गलेखकाच्या बाजूला जावे लागेल, अशी भीती काही तरुण मित्रांना वाटते. ती निराधार आहे.

परकेपणा हा दोष असेल तर आपल्या ताटात काय उरेल? ज्वारी मूळची आफ्रिकेतली. चिंच आफ्रिकेतली. मिरची, भुईमूग, पेरू, टोमॅटो ही अमेरिका खंडांतून आलेली. भाकर आणि मिरचीचा ठेचा याहून अस्सल मराठी अन्न कोणते, असे विचारले तर उत्तर मिळणार नाही. आणि ही दोन्ही समुद्रापलीकडून आली. ती आली, राहिली, इतरांना जगू देऊन जगली, म्हणून ती आपली झाली. उलट देशी म्हणून कशाचीही पूजा करण्याचे कारण नाही. अस्पृश्यता शंभर टक्के देशी आहे.

या झाडाची मराठीत दोन नावे आहेत, आणि आपल्या समीक्षेला जे हवे ते या दोन नावांतच आहे. एक नाव विलायती बाभूळ. हे नाव जन्म पाहते. कुठून आली ते सांगते. पुस्तकांत, खात्याच्या कागदांत, शहरी लेखांत ते अधिक आढळते. दुसरे नाव येडी बाभूळ. हे नाव वागणूक पाहते. कशी वाढते, कुणाला जगू देते आणि कुणाला देत नाही, ते सांगते. हे नाव माळावर शेळ्या राखणाऱ्यांनी आणि मोळ्या वाहणाऱ्यांनी ठेवले. जन्मावरून निवाडा करू नका, असे आपण हजारो वर्षांच्या व्यवस्थेला बजावीत आलो. ज्यांनी हे झाड अंगावर झेलले त्यांनी झाडाच्या बाबतीतसुद्धा जन्म न पाहता वागणूक पाहिली. यापेक्षा मोठे मूल्यविवेचन मी विद्यापीठांच्या ग्रंथांत क्वचितच वाचले आहे.

कुणी म्हणेल, कवीला वनस्पतिशास्त्राची सक्ती कशाला? प्रतीक म्हणून त्याने कोणतेही झाड घ्यावे. हा आक्षेप मी समजू शकतो. कवीला स्वातंत्र्य आहेच. परंतु दलित साहित्याने आपली वेगळी चूल मांडली ती अनुभवाच्या सत्यतेच्या बळावर. प्रस्थापित साहित्याने आपल्यावर लादलेली खोटी प्रतिमा आपण नाकारली, तेव्हा आपली प्रतिमा वास्तवाच्या कसोटीला उतरेल अशी हमीही आपण दिली. ज्या गायरानासाठी आपल्या बापजाद्यांनी लाठ्या खाल्ल्या, त्याच गायरानावरचे झाड कवितेत येते आणि त्या कवितेत गायरान नसते, शेळी नसते, १-ई नसते, तर ती कविता केवळ निष्काळजी नाही. ती विस्मरणाला हातभार लावते. शहरात वाढलेल्या मुलाने माळ पाहिला नसेल, हा त्याचा दोष नाही. पण माळावरून आलेली त्याची आजी अजून जिवंत असेल तर तिला विचारण्यात कमीपणा कसला?

६

मग करायचे काय? लेखक म्हणून आणि चळवळ म्हणून, दोन्ही अंगांनी हा प्रश्न आहे.

झाड उपटले पाहिजे, यात मला शंका नाही. प्रश्न आहे तो कुणी, कुणासाठी आणि कशाच्या मोबदल्यात उपटायचे हा. तमिळनाडूत २०१७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने या झाडाच्या उच्चाटनाची मोठी मोहीम निघाली आणि त्याच वर्षी तिला स्थगितीही मिळाली. आदेशाने, घाईने, यंत्राने झाड काढले की दोन गोष्टी होतात. मुळे नीट निघाली नाहीत तर ते दुप्पट फुटते. आणि नीट निघाली तर मोकळ्या झालेल्या जमिनीकडे गावातील बळकट हात आधी पोहोचतो. त्या दिवशी भूमिहीनाचे सरपणही जाते आणि चराईही परत येत नाही.

म्हणून आपल्या मागण्यांचा क्रम स्पष्ट असावा. गायरान कसणाऱ्या भूमिहीनाची नोंद आधी, झाडतोड नंतर. बुंधा खणून काढण्याचे काम रोजगार हमीवर, पुऱ्या मजुरीने, त्याच गावच्या मजुरांकडून. निघालेल्या लाकडावर हक्क खणणाऱ्याचा, ठेकेदाराचा नव्हे. मोकळ्या जागेवर गवत, आणि त्या गवतावर शेळ्या राखणाऱ्यांचा नोंदलेला हक्क. दरवर्षी पहिल्या पावसानंतर, रोप खुरप्याने निघण्याजोगे असताना, निंदणीची मजुरी. कारण जमिनीत पडलेले बी वर्षानुवर्षे जिवंत राहते. यातली एकही मागणी काव्यात्म नाही. पण ज्या गावात बी.ए., एम.ए. झालेली दलित मुले आहेत तेथे १-ई ची नक्कल मागणारा अर्ज त्यांनी लिहिला पाहिजे. त्या अर्जातील मराठीही साहित्याइतकीच जपून लिहावी लागते.

आणि कवींना माझे सांगणे एवढेच. येडी बाभूळ कवितेतून हद्दपार करा, असे मी म्हणत नाही. तिला घ्या, पण तिच्यासकट तिचा माळ घ्या. ती लावणारा साहेब घ्या, तिचे बी नकळत पेरणारी भुकेली शेळी घ्या, कोळशाच्या भट्टीवर हिशेब न समजलेला कातकरी घ्या, आणि ऊसतोडीवरून परतल्यावर आपल्या शेतात गुडघ्याएवढी काटेरी रोपे पाहून पुन्हा कुदळ उचलणारी बाई घ्या. पुन्हा पुन्हा उभे राहणे तुम्हाला गायचेच असेल तर ते तिचे गा. झाडाला खोल मुळे आहेत. तिच्या नावावर अजून सातबारासुद्धा नाही.